डिसेंबरमधली शाळा

मुंबईहून निघालेली कसारा लोकल खर्डी सोडते आणि सह्याद्रीची भिंत जवळ येऊ लागते. पुढचं स्टेशन उंबरमाळी, त्यापुढं कसारा आणि मग घाट. शहापूर तालुक्याचा हा टोकाचा भाग. त्याच्या दक्षिणेला, माळशेज घाटाच्या पायथ्याशी मुरबाड तालुका. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली, कुणबी, आगरी अशा समाजांची ही भूमी. इथलं गाव एका जागी नांदत नाही. मूळ गावठाण एकीकडं आणि पाडे-वाड्या टेकड्यांच्या आडोशानं विखुरलेल्या. अनेक पाड्यांवर सरकारची म्हणावी अशी एकच वास्तू दिसते, ती म्हणजे जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा.

युरोपातल्या अनेक प्राथमिक शाळांचं पहिलं सत्र नाताळला संपतं. येशूजन्माचं नाटक, गाणी, मुलांनी केलेल्या वस्तूंची जत्रा यांनी शेवटचा आठवडा गजबजतो आणि सारी वस्ती शाळेत येते. आपल्याकडं सत्र दिवाळीला संपतं आणि नाताळ दुसऱ्या सत्रात येतो. पण गावानं शाळेत येण्याचा मोसम आपल्याकडंही हाच. भातकापणी, झोडणी उरकलेली असते, हवा कोरडी आणि थंड असते. डिसेंबरच्या मध्यापासून प्रजासत्ताक दिनापर्यंतचे हे सहा आठवडे गावशाळेच्या वर्षातले सर्वांत भरगच्च. शाळा गावाची आहे की फक्त सरकारची, हे याच दिवसांत कळतं. मंचावर कोण आहे, समोर कोण बसलंय आणि कोण आलेलंच नाही, एवढं पाहिलं तरी पुरे.

सहा आठवड्यांचं पंचांग

२० डिसेंबर हा गाडगेबाबांचा स्मृतिदिन. १९५६ साली ते गेले. त्या दिवशी खराटे घेऊन शाळेचं आवार आणि पाड्याची वाट झाडणं ही बाबांना सर्वांत शोभणारी आदरांजली. २२ डिसेंबर हा श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस, म्हणजे राष्ट्रीय गणित दिन. २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती, २५ ला नाताळ. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती. हा दिवस महाराष्ट्रात बालिका दिन म्हणून साजरा होतो. १२ जानेवारीला राजमाता जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद, दोघांची जयंती. मग २६ जानेवारीची प्रभातफेरी आणि झेंडावंदन.

यातच क्रीडास्पर्धा येतात. आधी केंद्र म्हणजे जवळच्या काही शाळांचा गट, मग काही केंद्रांचं बीट, मग तालुका. कबड्डी, खो-खो, लंगडी, धावणं. अनवाणी पायांनी डोंगर चढणाऱ्या मुलामुलींना धावायला शिकवावं लागत नाही, फक्त आखलेली रेघ दाखवावी लागते. यातच सहल, वनभोजन आणि स्नेहसंमेलन. स्नेहसंमेलनात सिनेमाच्या गाण्यांवरचे नाच असतातच. पण ठाकरांचा कामडनाच, वारल्यांचा तारपा आणि ढोलनाच मंचावर आला की प्रेक्षकांतली म्हातारी माणसं सावरून बसतात. आपलं घरचं ज्ञान शाळेला मान्य आहे, हे त्यांना त्या क्षणी दिसतं.

आणि बालआनंद मेळावा. हा मुलांनी भरवलेला बाजार. घरच्या परसातली मेथी, मुळा, वालाच्या शेंगा, रानातली बोरं, आवळे, उकडलेले करांदे, आईनं करून दिलेली भजी किंवा भेळ, असा माल घेऊन मुलं ओळीनं बसतात. भाव ठरवणं, सुट्टे पैसे परत करणं, दिवसाअखेर भांडवल वजा करून नफा काढणं हे सारं गणिताच्या पुस्तकात असतंच. इथं ते हाताला कळतं. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या आयांना आपल्या लेकरानं हिशेब बरोबर केला, हे गुणपत्रक न वाचता समजतं. स्वतः शाळेत न गेलेल्या आईला मुलाच्या अभ्यासाचा असा पुरावा दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमात क्वचितच मिळतो.

नाताळ आपल्या वाटेनं

ज्या शाळेत एकही ख्रिस्ती मूल नाही, तिथं नाताळ कशाला, असा प्रश्न कधीकधी विचारला जातो. माझ्या मते अशा शाळेत तो अधिक हवा. शेजाऱ्याचा सण मुलांना शाळेत नाही भेटला तर कुठं भेटणार? २५ तारखेला सुट्टी असते, त्यामुळं कार्यक्रम करायचा तर आदला दिवस उरतो आणि तो नेमका साने गुरुजींचा जन्मदिवस. १८९९ साली पालगडला जन्मलेले, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलेले, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिणारे आणि १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण करणारे गुरुजी. प्रेम हाच धर्म, असं सांगणारी त्यांची प्रार्थना मराठी शाळांत अजून म्हटली जाते. तिच्या शेजारी नाताळ अगदी सहज बसतो.

मात्र हा नाताळ निव्वळ लाल टोपी, कापसाची दाढी आणि बाजारातलं प्लॅस्टिकचं झाड इथंच थांबला, तर मुलांच्या हाती फक्त जाहिरात लागते. मराठी मुलांपर्यंत नाताळ नेण्याची आपली स्वतःची, भरभक्कम वाट आहे आणि ती याच ठाणे जिल्ह्यातून जात होती. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. तोवर उंबरमाळी आणि वसई एकाच ठाणे जिल्ह्यात होत्या. वसईतले सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती शेती-बागायतीत रमलेले, घरात आपापली बोली बोलणारे, मराठीत लिहिणारे आणि प्रार्थना करणारे. नाताळ जवळ आला की तिथली मुलं गवत, माती, बांबू घेऊन येशूजन्माचा गोठा उभारतात, घरांवर ताऱ्यांचे कंदील लागतात. गोठा, गवत, वासरू, मेंढपाळ हे सगळं शहापूर-मुरबाडच्या मुलांना रोजच्या पाहण्यातलं. लंडनच्या बर्फापेक्षा वसईचा गोठा त्यांना कितीतरी जवळचा वाटेल.

याच वसईतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणलं आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्याआधी रेव्हरंड नारायण वामन टिळक. पारध्याच्या बाणानं घायाळ झालेल्या पक्षिणीची त्यांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकातून मुलांनी पाठ केली. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ मराठीतल्या श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणलं जातं. एवढी सामग्री घरात असताना शाळेतल्या गुरुजींनी आणि बाईंनी नाताळची गोष्ट मराठीतून, मराठी माणसांच्या आधारानं सांगावी. मुलांनी बांबूच्या कामट्यांचा तारा करावा, मातीची गुरं करावीत. खर्च जवळजवळ शून्य आणि हस्तकलेचा तास कारणी लागतो.

सिद्धगडचा दिवस

नाताळनंतर आठच दिवसांनी २ जानेवारी येतो. मुरबाड तालुक्यात या दिवसाचं महत्त्व कुणाला सांगावं लागत नाही. १९४३ साली याच दिवशी सिद्धगडच्या जंगलात ब्रिटिश पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. माथेरानला जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हे शिक्षणानं वकील. त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या क्रांतिकारी गटानं वीजवाहक तारांचे मनोरे पाडून मुंबईकडं जाणारी वीज तोडली, हे इतिहासात येतं. त्याआधी त्यांनी सावकारीत पिचलेल्या शेतकरी-आदिवासींसाठी धान्यकोठ्या काढल्या आणि स्वयंसेवी शाळा चालवल्या, हे मात्र फार थोड्या मुलांना ठाऊक असतं. वाड्यापाड्यांवर शाळा पोचवणारा माणूस या डोंगरात लढता लढता गेला. इथल्या प्रत्येक शाळेनं २ जानेवारीला हा अर्धा भागही सांगायला हवा. दरवर्षी त्या दिवशी सिद्धगडावरच्या स्मारकाशी लोक जमतात. वरच्या वर्गातल्या मुलांची क्षेत्रभेट तिथं न्यावी, याहून चांगला इतिहासाचा पाठ नाही.

रिकाम्या जागा

आता या आनंदाच्या दिवसांतली सर्वांत कठीण गोष्ट. स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतात, तेव्हा कातकरी वाड्यांतली कित्येक मुलं शाळेत नसतातच. दिवाळीच्या सुमारास वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेऊन आईबाप निघतात. भिवंडी, कल्याण, वसईच्या भट्ट्यांवर झोपडी घालतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलं सोबत जातात, धाकट्या भावंडांना सांभाळतात, विटा उचलतात, थापायला हात लावतात. हजेरीपटावर नाव असतं, पण वर्गात जागा रिकामी असते.

हे स्थलांतर कुणाच्या हौसेनं होत नाही. इथं पाऊस धो धो कोसळतो. २०२१ च्या जुलैमध्ये उंबरमाळी स्टेशनात फलाटापर्यंत पाणी चढलं होतं. पण पावसावरची भातशेती एका पिकात संपते, नंतर हाताला काम नाही आणि उन्हाळ्यात अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. याच शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देतं. मोडकसागर १९५७ चं. आज मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसा धरणाचा आहे. ज्यांच्या डोंगरावरचं पाणी महानगर पितं, त्यांच्या मुलांना पोटासाठी शाळा सोडावी लागते. हा अन्याय आहे आणि त्याचं मोजमाप वर्गातल्या रिकाम्या जागांत होतं.

यावर उत्तर नाही, असं नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाकडं जावं, हा विचार याच जुन्या ठाणे जिल्ह्यात रुजला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा. अंगणवाडीची कल्पनाही त्यांच्याच कामातून वाढली. १९९० च्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेनं वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या. मुलं जिथं राबत होती, तिथंच अक्षरं पोचली. सरकारनंही पुढं हंगामी वसतिगृहं आणली. आईबाप भट्टीवर गेले तरी मुलानं गावातच राहून शिकावं, हा त्यामागचा हेतू. शिक्षण हमी कार्डही आणलं. ते दाखवलं की स्थलांतरित मुलाला भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं. मार्ग आहेत. उचल घेण्याआधी कुणीतरी त्या कुटुंबाशी बोललं पाहिजे आणि कार्ड वेळेत हातात दिलं पाहिजे. हे काम दिवाळीच्या आठवड्यातच होऊ शकतं, नाताळला त्याला उशीर झालेला असतो.

आजीबाई शाळेत आल्या

शाळेनं गावाला हाक दिली तर काय होतं, याचं उदाहरण मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात आहे. २०१६ च्या शिवजयंतीला तिथं पोथीवाचन चाललं होतं. आम्हालाही असं वाचता आलं असतं तर, असं काही आज्यांनी बोलून दाखवलं. गावातल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतलं. त्याच वर्षी ८ मार्चला, जागतिक महिला दिनी, ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टनं पाट्या, दप्तरं आणि गणवेश म्हणून गुलाबी लुगडी दिली. साठी ते नव्वदीच्या आज्या बांबूनं शाकारलेल्या खोलीत दुपारी बसून अक्षरं गिरवू लागल्या. नातवंडं घरी त्यांचा अभ्यास घेऊ लागली. अंगठ्याऐवजी सही करता येणं ही त्यांच्यासाठी मोठी गोष्ट होती. देशोदेशींच्या वार्ताहरांनी फांगण्याची वाट शोधली.

या शाळेला फार पैसा लागला नाही. एका शिक्षकानं गावाचं बोलणं कान देऊन ऐकलं, गावानं जागा दिली आणि बाहेरच्या हातांनी थोडी मदत केली. प्राथमिक शाळा ही फक्त सहा ते दहा वर्षांच्या मुलांची नसते, ती अख्ख्या गावाची असते, हे फांगण्यानं दाखवून दिलं.

आता आपलं काम

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असंही नियम सांगतात. दुसरीकडं २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळा राज्यात होत्या आणि त्याच वर्षी अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव पुढं आला. मैदानी गावात दोन-तीन किलोमीटर म्हणजे काही नाही. डोंगरात, ओढ्यापलीकडं, पावसाळ्यात पहिलीच्या मुलीला तेवढं अंतर म्हणजे शिक्षणाचा शेवट ठरू शकतो. पाड्यावरची शाळा टिकवायची तर तिथला पट टिकला पाहिजे, आणि पट टिकवायचा तर गावाचा शाळेत राबता पाहिजे.

म्हणून वाचकांना विनंती. दिवाळीच्या सुमारास गावी जाल तेव्हा शाळेत डोकावा. तुमच्या भागातलं एखादं कुटुंब भट्टीवर निघालं असेल, तर मुलांचं शिक्षण हमी कार्ड घेतलं का, हे शाळेत विचारा. शहरात तुमच्या घराजवळ वीटभट्टी किंवा बांधकाम असेल आणि तिथं शाळेच्या वयाची मुलं दिसली, तर जवळच्या पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांना जाऊन सांगा. कायद्यानं त्यांना त्या मुलांना वर्षाच्या मध्यातही प्रवेश द्यावाच लागतो. आणि डिसेंबरमध्ये गावच्या शाळेचं स्नेहसंमेलन असेल, तर पाहुणे म्हणून बोलावण्याची वाट पाहू नका. मुलांच्या बाजारातून बोरं विकत घ्या, पुढच्या सतरंजीवर बसा आणि कार्यक्रम संपेपर्यंत थांबा.