मोडला तर लाकडात

जोडलेला तुकडा शिकंज्यात धरला, वर आलेल्या टोकावर हातोडीचा एक घाव घातला. कडकन मोडला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी फर्निचरचं काम करणारे मिस्त्री हळहळले. "काका, गेला की सांधा!"

मी दोन्ही मोडकी तोंडं दाराशी उजेडात नेऊन पाहिली. गोंदाची रेषा शाबूत होती. चीर तिला वळसा घालून शेजारच्या लाकडातून गेली होती आणि गोंदावर लाकडाचे तंतू केसासारखे उभे होते. सांधा पास झाला होता, लाकूड नापास. मिस्त्रींना हे समजावताना माझीच थोडी धांदल उडाली, कारण त्यांच्या धंद्यात मोडलेला माल म्हणजे वाया गेलेला माल.

घरी लाकडी विमान बांधणारी माणसं हा उद्योग सतत करत असतात. दर वेळी गोंद कालवला की त्याच वाटीतल्या गोंदाने, त्याच लाकडाचे दोन तुकडे जोडायचे. त्यांवर पेन्सिलीने तारीख लिहायची, खोलीचं तापमान लिहायचं, आणि गोंद पुरता वाळला की ते मोडायचे. विमानातला सांधा मोडून बघता येत नाही आणि न मोडता त्याच्या आत बघता येत नाही. म्हणून त्याचं जुळं भावंड बळी द्यायचं. गेली दोन वर्षं या माणसांविषयी वाचतो आहे. त्यांचं धाडस, हौस, आभाळाची ओढ यांवर भरपूर लिहिलं गेलंय. माझं लक्ष मात्र त्या मोडक्या तुकड्यांवर खिळलं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह नावाचं एक खेडं आहे. तिथला बर्नार्ड पीटनपोल (जन्म १९०१) हा स्वतःच शिकलेला मेकॅनिक, इंजिनिअरिंगची पदवी वगैरे काही नाही. त्याला दोन माणसांना घेऊन उडणारं विमान हवं होतं आणि विमानाचं इंजिन परवडत नव्हतं. मग मोटारीचं का नको? फोर्डच्या मॉडेल टी गाडीचं इंजिन लावून पाहिलं, ते अशक्त निघालं. १९२७ च्या डिसेंबरात फोर्डने मॉडेल ए बाजारात आणली. सव्वातीन लिटरचं, पाण्याने थंड होणारं, चाळीस अश्वशक्तीचं इंजिन. १९२९ मध्ये ते पीटनपोलच्या विमानाच्या नाकात बसलं. विमानाचं नाव 'एअर कँपर'. दोन उघडी आसनं पुढेमागे, उडवणारा मागे. पंख डोक्याच्या वर, छत्रीसारखा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २९ फूट. पुढच्या आसनावर बसायचं म्हणजे तारा आणि टेकूंमधून अंग चोरत आत शिरायचं. आणि उडवणाऱ्याच्या थेट नजरेसमोर उभा मोटारीचा रेडिएटर! देखणं म्हणावं असं विमान नव्हे. पण इंजिन बिघडलं तर ते दुरुस्त करणारा माणूस दर खेड्यात होता.

'मॉडर्न मेकॅनिक्स अँड इन्व्हेन्शन्स' या मासिकाचे संपादक वेस्टी फार्मर यांचं मत होतं की मोटारीचं इंजिन विमानाच्या कामाचं नाही. पीटनपोलने वाद घालण्याऐवजी १९३० मध्ये आपली दोन विमानं उडवत मिनीयापोलिसला आणून दाखवली. फार्मर यांनी शब्द मागे घेतला आणि पुढे त्याच मासिकाने एअर कँपरचे नकाशे छापले. १९३२ च्या त्यांच्या 'फ्लाइंग अँड ग्लायडर मॅन्युअल'मध्ये ते पुन्हा आले. मंदीने कंबरडं मोडलेल्या काळात शेतकऱ्यांच्या पोरांनी धान्याच्या कोठारांत ते नकाशे पसरले. आजही त्यावरून विमानं बांधली जातात.

बांधायचं कसं? जमिनीवर किंवा लांब टेबलावर पूर्ण मापाचा नकाशा आखतात. त्याच्या रेषांलगत लाकडी ठोकळे ठोकून साचा करतात आणि इंचभर चौरस पट्ट्या त्यात बसवतात. धडाच्या दोन बाजू अशा आडव्याच, एकाच साच्यावर तयार होतात. मग त्या उभ्या करून आडव्या पट्ट्यांनी जोडतात. पंखाच्या तीसेक फासळ्या मात्र एकाच छोट्या साच्यातून निघतात. पाव इंच जाडीची पट्टी वाफेवर नरम करून नाकाशी वाकवायची, उभे-तिरपे आधार घालायचे, प्रत्येक सांध्यावर प्लायवुडचा नखाएवढा पातळ तुकडा गोंद लावून आणि बारीक चुका मारून बसवायचा. दिवसाला एक फासळी, कारण आदली वाळल्याशिवाय साचा मोकळा होत नाही. कामट्यांचा आकाशकंदील ज्याने घरी केलाय त्याला यातलं निम्मं काम बघताक्षणी कळेल. उरलेलं निम्मं लाकूड निवडण्यात आहे.

हे लाकूड म्हणजे सिटका स्प्रूस, उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर वाढणारं. वजनाच्या मानाने त्याची ताकद मोठी. पण वखारीतली दिसेल ती फळी चालत नाही. तंतूंची रेषा पंधरा इंचांत एक इंचापेक्षा जास्त तिरपी गेलेली नको. वर्षाच्या वाढीची वलयं इंचाला निदान सहा हवीत. सगळ्यात घातक खोट मोठ्या गाठीची नसतेच, ती दिसते तरी. वादळात झाड वाकलं किंवा तोडताना आपटलं की आतले तंतू जागच्या जागी चेपतात. फळीवर रेषेला आडवी, केसाएवढी सुरकुती उरते आणि रंधा मारून, तिरप्या उजेडात धरल्याशिवाय ती डोळ्यांत भरत नाही. ताण आला की ती फळी तिथेच गाजरासारखी तुटते.

आता गोंद. त्या काळचा मुख्य गोंद दुधाचा. दुधातलं केसीन चुन्याबरोबर कालवून केलेला. वाळला की दगड, पण ओल धरली की त्याला बुरशी खाते. शेवटी दूधच ते. १९३० च्या दशकात केंब्रिजजवळच्या डक्सफर्डला नॉर्मन डी ब्रुइन यांनी 'एरोलाइट' हा कृत्रिम गोंद काढला. पुढे इपॉक्सी आले आणि आज बहुतेक घरगुती बांधणारे तेच वापरतात. दुकानात मिळणारा पांढरा गोंद कपाटाला उत्तम, विमानाला वर्ज्य. सतत ताण राहिला की तो कणाकणाने सरकतो आणि उन्हात मऊ पडतो.

या गोंदाच्या कथेत आपला पावसाळाही आरोपी म्हणून उभा राहिलेला आहे. दुसऱ्या महायुद्धातलं 'मॉस्किटो' हे ब्रिटिश विमान दोन बैठकींचं आणि लाकडी, पण हलकं मुळीच नव्हे. दोन मर्लिन इंजिनांचं बाँबफेकी. कपाटं-टेबलं करणारे कारखाने त्याचे भाग बनवत आणि एकूण ७,७८१ विमानं तयार झाली. १९४४ च्या नोव्हेंबरात अतिपूर्वेच्या आघाडीवर काही मॉस्किटो कोसळली. केसीनचा गोंद इथल्या उष्म्याने आणि पावसाळ्याने फुटला, अशी बोलवा उठली. हेरवर्ड डी हॅविलंड यांचं तपास पथक भारतात आलं आणि डिसेंबरात अहवाल देऊन मोकळं झालं. गोंद निर्दोष आहे, पावसाळ्यात सांगाडा आकसला. म्हणजे गुन्हेगार पुन्हा हवाच. पुढे इंग्लंडातच डेफर्डला दुसऱ्या तपासात विमानं उघडली गेली. त्यांनी मॉन्सून बघितलासुद्धा नव्हता, तरी आत तेच दोष. चिकटवण्याचं कामच कारखान्यात सदोष झालं होतं. गोंद लावला तेव्हा सांधे बाहेरून ठीक दिसले, तपासनिसांच्या हाताखालून गेले, रंग चढला. आपल्या हवेवर ढकलून किती गोष्टी खपवल्या जातात याची ही एक जुनी आठवण.

म्हणूनच घरच्या विमानाला झाकण्याआधी थांबावं लागतं. पंखाची पेटी बंद करण्यापूर्वी, धडावर कापड चढवण्यापूर्वी जाणत्या तपासनिसाला बोलावून आतला सांधा न् सांधा दाखवायचा, ही ब्रिटनमध्ये रूढ रीत. अमेरिकेत एक वेगळी अट आहे. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौसेने किंवा शिकण्यासाठी बांधणाऱ्याने स्वतः केलेलं असलं पाहिजे. मग पहिले काही तास ठरलेल्या हद्दीतच, सहसा एकट्याने उडायचं. सोबत्याचं आसन तोवर रिकामं.

नकाशा चुकीचा असेल तर उत्तम सांधेही वाचवत नाहीत, हेही सांगून टाकतो. फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांचं 'पू द्यू सिएल' हे एका आसनाचं चिमुकलं विमान १९३३ मध्ये उडालं आणि पुढच्या वर्षी आलेल्या त्यांच्या पुस्तकाने युरोप वेडा झाला. मग माणसं मरू लागली. मोठ्या वातबोगद्यांत तपासल्यावर कळलं की विमानाचं नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेलं की पुढच्या-मागच्या पंखांमधली हवाच ते वर येऊ देत नाही. फ्रान्समध्येच युद्धानंतर बोन गावात एदुआर जोली आणि त्यांचे जावई जाँ देलेमोंतेझ यांनी ही कला सावरली. दोघांच्या नावांतून 'जोडेल' झालं. त्यांच्या दोन आसनी डी-११ चा पंख मध्ये सपाट आणि टोकांकडे वर मोडलेला असतो, लांबूनही ओळखू येतो. मराठी कानाला 'जोडेल' हे नाव भविष्यकाळी क्रियापदासारखं लागतं. मला तरी ते फार आवडतं.

आपल्याकडेही हे हात होते. नागरी विमानवाहतूक खात्याने रचलेलं 'रोहिणी' हे लाकडी ग्लायडर १९६१ मध्ये उडालं. शेजारी शेजारी दोन आसनं, आणि अशी शंभरावर बनली. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. ते धातूचं, म्हणजे या लेखाच्या वखारीबाहेरचं. नोंदणी २०१७ मध्ये मिळाली आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये. गच्चीवर विमान बांधण्याइतकाच कागद जोडण्यालाही दम लागतो.

शेवटी कापड येतं. पूर्वी सुती किंवा तागाचं, आता पॉलिएस्टरचं. सांगाड्यावर सैलसर चिकटवतात आणि घरातली इस्त्री ठरल्या तापमानाला आणून फिरवतात. १२० अंशांपासून पावणेदोनशेपर्यंत टप्प्याटप्प्याने. सुरकुत्या डोळ्यांदेखत पळतात आणि कापड डफासारखं ताणतं. मग लांब सुईने ते फासळ्यांना टाचायचं. सुई वरून खाली, फासळीच्या पलीकडून पुन्हा वर, गाठ, पुढचा टाका. पंखाच्या दोन बाजूंना दोन माणसं बसतात. आमच्या आजीने हे काम एका दुपारी शिकून घेतलं असतं. गोधडीचे टाके तिने आयुष्यभर याहून जवळ घातले.

आषाढात मी मिस्त्रींकडे दुसरा तुकडा केला. लाकूड तेच, इपॉक्सी तोच, त्याचे दोन्ही भाग वजनकाट्यावर मोजून घेतले. या वेळी शिकंजा मिस्त्रींनी लावला आणि सवयीने पार गच्च आवळला. कडेने गोंद भराभरा बाहेर आला, तो त्यांनी फडक्याने पुसला. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही जोड टेबलावर ठेवले. पहिल्यासारखाच नवा एक आणि हा. मिस्त्रींनी दोन्हींवरून बोट फिरवलं, उजेडात धरले आणि या दुसऱ्याला जास्त गुण दिले. सांधा दिसतच नव्हता इतका बारीक.

हातोडीचा घाव घातला. तो गोंदातूनच सुटला, सरळ, आवाजसुद्धा न करता. दोन्ही तोंडं गुळगुळीत, लाकडाचा एक तंतू नाही, मधोमध कोरडा पट्टा. आवळताना गोंद सगळा बाहेर गेला होता.

मिस्त्री बराच वेळ ते दोन अर्धे पुन्हा पुन्हा एकमेकांवर बसवून बघत होते. मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी एकावर तारीख घातली.