रोवणीच्या दिवसांतला परदेश

युरोपच्या एखाद्या विद्यापीठातील उन्हाळी कार्यक्रमासाठी निवड झाली की भंडारा जिल्ह्यातल्या घरात पेढे वाटतात आणि त्याच रात्री हिशेबाची वही निघते. तिकडचा उन्हाळा जून-जुलैचा. आमच्याकडे तेव्हा रोवणीची मजुरी मोजायची असते. धानाचे पैसे केव्हाच संपलेले असतात.

शिष्यवृत्ती म्हणाल तर राज्याच्या राजर्षी शाहू महाराज योजनेत ७५ आणि केंद्राच्या योजनेत १२५ जागा आहेत. पण त्या पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी! सहा आठवड्यांसाठी जाणाऱ्या आमच्या पोरीला त्यात थारा नाही.

तेव्हा आम्ही सांगतो, निवडीची वाट न पाहता पासपोर्ट काढा. शुल्क १,५०० रुपये. शेंगेन व्हिसाचे ९० युरो आणि किमान ३० हजार युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा वेगळा. मागील महिन्यांचा बँकेचा उतारा मागतात. मामाकडून उसने घेऊन आदल्या दिवशी भरलेली रक्कम तिथे संशयाचीच ठरते. धान विकताच थोडे पैसे खात्यात राहू द्या.

१९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा सिडनहॅममधील पगाराची बचत, शाहू महाराजांचे १,५०० रुपये आणि नवल भथेनांकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज अशी जमवाजमव त्यांनाही करावी लागली होती.

आमची मागणी एवढीच, की शासनाने अशा विद्यार्थ्यांच्या तिकिटाचे पैसे निवडपत्राबरोबरच द्यावेत. परतल्यावर बिले दाखवा म्हणू नये. तिकीट आधी काढावे लागते.