ताशी २८ हजार किमीचा वेग, तरी अंतराळवीरांना तो जाणवत का नाही?

नवीन पनवेल : जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचले. ताशी २८ हजार किलोमीटरचा वेग आत जाणवत नाही, असं त्यांनी तिथून पंतप्रधानांशी बोलताना सांगितलं होतं. आपली हार्बर लोकल पनवेलहून सीएसएमटीला जायला साधारण ८० मिनिटं घेते. स्थानक ९० मिनिटांत अख्ख्या पृथ्वीला फेरी मारतं. मग कळत कसं नाही?

कारण आपलं शरीर वेग मोजतच नाही, वेगातला बदल टिपतं. लोकलचा ब्रेक आतल्या कानाला लगेच कळतो, एकसारखी धाव कळत नाही. स्थानक, अंतराळवीर आणि त्याचा तरंगता चमचा, सगळे एकाच वेगाने पृथ्वीभोवती ‘पडत’ असतात. कुणी कुणाला ढकलत नाही.

पण खिडकीतून? खरी गंमत इथे आहे. कर्जतच्या गाडीतून रुळालगतचे खांब सपासप मागे जातात, लांबचा प्रबळगड मात्र बराच वेळ सोबत राहतो. स्थानकाखालची जमीन तर ४०० किमी दूर! गणित केलं तर ती सरकताना दिसते ती १०० मीटर उंच गच्चीवरून खाली जॉगिंग करणारा माणूस दिसावा तितकी सावकाश. मुंबई-कोलकाता इतकं अंतर चार मिनिटांच्या आत मागे पडतं, तेव्हा कुठे वेगाचा अंदाज येतो.

कक्षा उंचावण्यासाठी अधूनमधून इंजिन पेटवतात. वेग वाढतो जेमतेम सेकंदाला एखादा मीटर, तोही हळूहळू. तरी तरंगणारा माणूस मागच्या भिंतीकडे सरकू लागतो.