धागा तुटला, आता ऐकायचं कुणाचं?

सोलापुरी चादरीवरचा मोर मागावर उतरण्याआधी चौकटींच्या कागदावर बसतो. रंगवलेली चौकट म्हणजे उभा धागा वर, कोरी म्हणजे खाली. मग पुठ्ठ्यांना भोकं पडतात. भोक असेल तिथे मागावरच्या जॅकार्ड यंत्राची सुई आत शिरते आणि तिचा धागा उचलला जातो. हे चित्र वाचताना माग कधी बुचकळ्यात पडत नाही.

सॉफ्टवेअरवालेही चित्रं काढतात. 1983 च्या सुमारास इस्रायलच्या ‘लावी’ लढाऊ विमानाचं काम चालू असताना संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल यांना एक पद्धत सुचली: चौकोन म्हणजे अवस्था, बाण म्हणजे बदल, आणि चौकोनाच्या पोटात आणखी चौकोन. ‘स्टेटचार्ट’ दिसायला इतकं सोपं, की अर्थ उघडच आहे असं वाटतं.

आता यंत्रमागच त्यात काढून बघू. मोठा चौकोन ‘चालू’, त्याच्या आत ‘विणकाम’. धागा तुटला की बाहेरच्या चौकोनाचा बाण म्हणतो, थांब. आतल्याचा बाण म्हणतो, लाल दिवा लाव आणि विणत राहा. कुणाचं ऐकायचं? हॅरेल यांच्याच ‘स्टेटमेट’ या साधनात बाहेरचा जिंकतो, माग थांबतो. 1997 साली प्रमाण ठरलेल्या ‘यूएमएल’ या चित्रभाषेत आतला जिंकतो, आणि चादर बिघडत राहते. चित्रात मात्र एका रेघेचाही फरक नाही! मिखाएल फॉन डेर बीक यांनी 1994 साली तुलना केली, तेव्हा या एका चित्रपद्धतीचे वीसेक प्रकार निघाले.

यावरचा उपाय गणिताचा. या क्षणी कोणते चौकोन जागे आहेत, तो एक संच. घटना घडली की पुढचा संच कोणता, हे नियमानं ठरतं, वाचणाऱ्याच्या समजुतीनं नाही. एका बाणानं नवी घटना जन्माला घातली, तर ती लगेच जाणवणार की पुढच्या पावलाला, हेही लिहावं लागतं. स्टेटमेटचं उत्तर ‘पुढच्या’. हॅरेल यांचा मूळ लेख 1987 चा, पण स्टेटमेटमधल्या अर्थाचे हे नियम त्यांनी आणि अम्नोन नामाद यांनी छापले ते थेट 1996 साली. तोवर लोक साधन वापरत होतेच.

खरी गंमत त्यापुढे आहे. अर्थ असा पक्का झाला, की एक धागाही न विणता संगणकाला विचारता येतं: धागा तुटलेला आणि माग चालू, अशी वेळ कधी येईल का? चित्र आवाक्यातलं असेल तर तो सगळ्या वाटा चालून बघतो आणि तशी वाट सापडली तर दाखवतो.

तुमच्यापुढे असं चित्र मंजुरीला आलं, तर सही करण्याआधी एवढं विचारा: आतला बाण की बाहेरचा?