आंत्रपुच्छातील दुर्मिळ गाठी

लहान आतडे जेथे मोठ्या आतड्यास मिळते, तेथे मोठ्या आतड्याच्या आरंभीच्या पिशवीसारख्या भागाला बोटाएवढी एक नळी लोंबत असते. तिचे दुसरे टोक बंद असते. तिला आंत्रपुच्छ म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र ‘अपेंडिक्स’ हाच शब्द रुळला आहे. ही नळी सुजली म्हणजे प्रथम बेंबीभोवती दुखू लागते, काही तासांनी दुखणे पोटाच्या उजव्या खालच्या बाजूस सरकते, अन्नावरची वासना जाते आणि ताप भरतो. शल्यक्रियेची सोय असलेल्या कोणत्याही रुग्णालयास हा विकार परिचित असतो. परंतु काढून टाकलेल्या शंभर आंत्रपुच्छांपैकी साधारण एखाद्यात सुजेखेरीज आणखी काही निघते. ते म्हणजे अर्बुद, अर्थात पेशींच्या अनिर्बंध वाढीमुळे झालेली गाठ.

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्गच्या पुढे भिलाई लागते. १९५५ साली भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर वसलेल्या नगरीत, नवव्या सेक्टरमध्ये, जवाहरलाल नेहरू यांच्या नावाचे मोठे रुग्णालय आहे. जवळच रायपूर येथे २०१२ मध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. पण ज्या खाणींचे लोहखनिज भिलाईच्या भट्ट्यांना पुरवले जाते, त्या दल्ली राजहरा येथील शहीद रुग्णालयाची कथा वेगळी आहे. ते १९८३ साली खाणकामगारांनी आपल्या श्रमाने व वर्गणीने उभे केले. कारखान्याचे रुग्णालय, कामगारांचे रुग्णालय आणि आडगावचे आरोग्यकेंद्र, पोटदुखीचा रोगी यांपैकी कोठेही प्रथम येऊ शकतो. साधने मात्र सर्वत्र सारखी नसतात.

आंत्रपुच्छ काढण्याची क्रिया स्वतः फारशी साधने मागत नाही. भिलाईला भट्ट्या उभारून देणाऱ्या त्याच देशाचा लिओनिद रोगोझोव हा सत्तावीस वर्षांचा डॉक्टर १९६१ साली अंटार्क्टिकावरील ठाण्यात एकटाच वैद्य होता. त्याने ३० एप्रिलच्या रात्री केवळ जागा बधिर करणाऱ्या औषधावर, सहकाऱ्यांनी धरलेल्या आरशाच्या आधाराने, स्वतःचेच सुजलेले आंत्रपुच्छ कापून काढले. असे धाडस कोणी करावे असे नव्हे. पण कुशल हात असले तर थोड्या सामग्रीतही ही शल्यक्रिया होते, एवढे त्यावरून दिसते. गाठ ओळखण्यासाठी मात्र हात पुरत नाहीत.

या गाठी मुख्यतः दोन प्रकारच्या आढळतात. पहिलीस १९०७ साली झिगफ्रीड ओबर्नडोर्फर या जर्मन विकृतिवैज्ञानिकाने ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगासारखी, असे नाव दिले. ती बहुधा आंत्रपुच्छाच्या टोकाशी असते, पिवळसर व टणक असते आणि पुष्कळदा वाटाण्याहूनही लहान असते. एवढीशी गाठ डोळ्यांना सहसा दिसत नाही. ती एक सेंटिमीटरहून लहान असेल आणि पूर्णपणे निघाली असेल, तर आंत्रपुच्छ काढणे हाच तिचा उपचार होय. दोन सेंटिमीटरहून मोठी असेल, तर मोठ्या आतड्याचा उजवा भाग जवळच्या रसग्रंथींसह काढावा लागतो. या दोहोंच्या दरम्यान निर्णय सोपा नसतो. गाठ बुंध्याशी आहे काय, तिने भोवतालच्या चरबीत शिरकाव केला आहे काय, हे पाहून तो घ्यावा लागतो.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. नळीच्या आत बुळबुळीत श्लेष्मा साठून ती फुगत जाते. या फुग्याचे वर्णन व्हिएन्नाच्या रोकिटान्स्कीने १८४२ मध्येच केले होते. असा प्रत्येक फुगा अर्बुदच असतो असे नाही, पण बाहेरून पाहून ते ठरवता येत नाही. तो फुटला आणि आत अर्बुदाच्या पेशी असल्या, तर त्या श्लेष्म्याबरोबर उदरपोकळीत पसरतात व तेथे रुजतात. पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी रोग्याचे पोट जेलीसारख्या द्रव्याने भरू लागते. मग पोटातील सारे रोगट आवरण खरवडून काढायचे आणि सुमारे बेचाळीस अंश सेल्सिअस तापमानाचे औषधी द्रव आत खेळवायचे, अशी प्रदीर्घ शल्यक्रिया करावी लागते. ती मोजक्याच मोठ्या रुग्णालयांत होते. लहान रुग्णालयातील पाऊण तासाच्या कामावर एवढे अवलंबून असते.

म्हणून संशय आधी यावा लागतो. निरोगी आंत्रपुच्छाची जाडी सहा मिलिमीटरच्या आसपास असते. सोनोग्राफीत ती पंधरा मिलिमीटर किंवा अधिक भरली, किंवा आत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसले, तर श्लेष्म्याचा फुगा मनात आणावा. स्त्रियांत हाच फुगा बीजाशयाची गाठ म्हणून चुकवतो. आपल्या देशात उजव्या बाजूच्या गोळ्याचे आणखी एक कारण विसरून चालत नाही, ते म्हणजे आतड्याचा क्षय. रोगी चाळिशीपलीकडचा असला, तर विशेष जपावे. आंत्रपुच्छाभोवती गळू झालेल्या साठ रोग्यांची फिनलंडमध्ये पाहणी झाली. आधी औषधांनी गळू शमवून पुढे आंत्रपुच्छ काढावे की न काढता लक्ष ठेवावे, असा प्रश्न होता. बारा जणांत अर्बुद निघाले आणि ते सर्व चाळिशी ओलांडलेले होते. पाहणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. तिचा वृत्तांत २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

फुगा समोर आला, की शल्यवैद्याने घाई सोडावी. दुर्बिणीतून काम करताना तो चिमट्याने ओढला जाण्याची भीती वाटल्यास सरळ पोट उघडावे. त्यात कमीपणा नाही. भोवती ओल्या कापडी घड्या रचाव्या, फुगा न दाबता बुंध्याच्या निरोगी भागापासून कापावा, पिशवीत घालून बाहेर काढावा. पोटात श्लेष्मा सांडलेला दिसल्यास त्याचाही नमुना घ्यावा. बुंधा निरोगी असेल व रसग्रंथी वाढलेल्या नसतील, तर त्याच वेळी आतड्याचा मोठा भाग काढण्याचे कारण नसते.

यापुढचे काम स्वस्त आहे, आणि बहुधा तेच राहून जाते. काढलेला भाग त्याच्या दसपट फॉर्मॅलिनच्या द्रावणात बुडवून, बरणीवर नाव, दिनांक व शरीराचा भाग लिहून, विकृतिवैज्ञानिकाकडे पाठवायचा असतो. खर्च वाचवण्यासाठी तो टाकून दिला, तर गाठ होती हे कोणालाच कळत नाही. पाठवला तरी अहवाल येईपर्यंत रोगी टाके काढून गावी गेलेला असतो. म्हणून पाठवलेल्या नमुन्यांची वही ठेवावी आणि तीत रोग्याचा व शेजारच्या एखाद्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक लिहावा. अहवाल न आल्यास परिचारिकेने विचारणा करावी. आल्यास रोग्याला त्याच्या भाषेत, छत्तीसगढी असेल तर छत्तीसगढीत, सांगावे.

प्रयोगशाळेत तो भाग मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे केसाहूनही पातळ काप काढतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ठोकळा साध्या खोलीतही वर्षानुवर्षे टिकतो. रोगी पुढे दुसऱ्या तक्रारीने मोठ्या रुग्णालयात गेला, तर त्याच ठोकळ्याचा नवा काप काढून तेथील विकृतिवैज्ञानिकाला पुन्हा पाहता येतो.