झोका वर गेला की पोटात गोळा का येतो?

महाशिवरात्रीला परळी वैजनाथला मोठी यात्रा भरते. बीड जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून माणसे येतात. यात्रा म्हटली की पोरांचा जीव अडकतो तो आकाशपाळण्यात आणि नावेच्या झोक्यात. नाव टोकाला गेली की पोटात गोळा येतो, तळाशी आली की अंग जड होते. असे का होते? बालमित्रांनो, याचे उत्तर नागपंचमीला लिंबाच्या झाडाला बांधलेला साधा झोकाही देतो.

आपले वजन आपल्याला जाणवते, ते खालची फळी आपल्याला वर रेटते म्हणून. स्थिर बसलो तर हा रेटा आपल्या वजनाइतकाच असतो. शास्त्रज्ञ त्याला १ जी म्हणतात. झोका तळाशी येतो तेव्हा वेग सर्वांत जास्त असतो. तिथे फळीला दोन कामे करावी लागतात. आपले वजन पेलायचे आणि सरळ जाऊ पाहणारे अंग वळवून वर न्यायचे. म्हणून रेटा वाढतो. टोकाला झोका क्षणभर थांबतो, तिथे रेटा घटतो. पोटातल्या आतड्यांचाही भार कमी होतो. तोच तो गोळा!

आता हिशेब पाहू. दोर उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत गेला, तर तळाशी २ जी आणि टोकाला अर्धा जी. म्हणजे ४० किलोच्या मुलाला तळाशी ८० किलोचा भार जाणवतो, टोकाला २० किलोचा. दोर ९० अंशांपर्यंत, म्हणजे पार आडवा झाला, तर तळाशी ३ जी आणि टोकाला शून्य. गंमत अशी की दोर लांब असो वा आखूड, हे आकडे बदलत नाहीत. लांब दोराचा झोका फक्त सावकाश जातो.

आईवडिलांनी यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दोराला नुसते लोंबकळून पाहिले आणि तो टिकला, एवढ्यावर विसंबू नये. झोका चालू झाला की त्याला दुप्पट-तिप्पट भार सोसायचा असतो. दुसरे, नावेत तान्हे मूल मांडीवर घेऊन बसू नये. १० किलोचे लेकरू तळाशी २० किलोचे होते आणि टोकाला मांडीवरची त्याची पकड सुटू लागते. आडवा दांडा लावलेला नसेल, तर पाळणेवाल्याला आधी तो लावायला सांगा, मगच नाव हलू द्या.