निळ्या उजेडाची भट्टी

बंद पडलेला नऊ वॉटचा एलईडी बल्ब उघडला की आत ॲल्युमिनियमची गोल प्लेट दिसते आणि तिच्यावर दोन-तीन मिलिमीटरचे पिवळसर चौकोन. बहुतेक वेळा त्यातल्या एखाद्याच्या मधोमध काळा ठिपका पडलेला असतो. हे चौकोन सीरिजमध्ये जोडलेले असतात, त्यामुळे एक गेला की सगळेच विझतात. बल्ब दुरुस्त करणारे तो काळा पडलेला चौकोन सोल्डरने शॉर्ट करतात आणि बल्ब पुन्हा पेटतो. पिवळं दिसतं ते फॉस्फर. त्याच्याखाली बसलेली चिप मात्र निळा प्रकाश देते. फॉस्फर त्यातला काही निळा शोषून घेऊन पिवळा बाहेर टाकतो, उरलेला निळा तसाच पार होतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरा उजेड दिसतो.

निक होलोन्याक यांनी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत लाल एलईडी पेटवली ती 1962 साली. झगझगीत निळी यायला 1993 साल उजाडलं. या एकतीस वर्षांची गोष्ट सांगताना लोक नोबेल पारितोषिकाबद्दल बोलतात, कोर्टकज्ज्यांबद्दल बोलतात. मला त्यातली खरी नायिका एक भट्टी वाटते. निळा कोणत्या पदार्थातून येईल हे बरंच आधी ठाऊक होतं. तो पदार्थ नीट वाढवेल अशी भट्टी कुणाकडे नव्हती.

एलईडीचं तत्त्व थोडक्यात सांगता येतं. अर्धवाहकाचे दोन थर एकमेकांना लागून असतात. एन थरात इलेक्ट्रॉन जास्त, पी थरात इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, म्हणजे होल, जास्त. वीजप्रवाह सोडला की सांध्यापाशी इलेक्ट्रॉन होलमध्ये पडतो आणि सुटलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर येते. ही ऊर्जा किती, ते पदार्थाच्या बँड गॅपवर ठरतं आणि त्यावरून रंग ठरतो. निळ्यासाठी पावणेतीन इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते. गॅलियम नायट्राइडची गॅप 3.4 आहे आणि त्यात इंडियम मिसळून ती हवी तेवढी खाली आणता येते. आरसीए कंपनीत हर्बर्ट मारुस्का आणि जाक पांकोव्ह यांनी 1970 नंतरच्या दोन-तीन वर्षांत या पदार्थातून निळा-जांभळा प्रकाश काढूनही दाखवला होता. तो फार मंद होता. पी थर काही केल्या जमेना आणि काम तिथेच थांबलं.

अडचण पायापासूनच होती. गॅलियम नायट्राइडच्या स्वतःच्या चकत्या सहज मिळत नाहीत, म्हणून त्याचा स्फटिक पारदर्शक सफायरच्या चकतीवर वाढवावा लागतो. दोघांच्या अणूंच्या अंतरात साधारण 16 टक्क्यांचा फरक आहे. सहा इंची विटांच्या थरावर सात इंची विटा सांधे जुळवून रचायला सांगावं, तसा हा प्रकार. स्फटिकात दोष येतात आणि एका चौरस सेंटिमीटरमध्ये त्यांची संख्या अब्जावर जाते. इतर अर्धवाहकांत एवढे दोष असते तर एलईडी पेटलीच नसती. त्यामुळे बहुतेक शहाण्या संशोधकांनी झिंक सेलेनाइडचा रस्ता धरला. त्यात दोष फार कमी होते आणि मोठमोठ्या कंपन्या त्यामागे होत्या. पण झिंक सेलेनाइडची उपकरणं टिकत नव्हती.

आता भट्टी. तिला एमओसीव्हीडी म्हणतात. बाहेरून पाहिलं तर स्टीलच्या नळ्या, व्हॉल्व्ह आणि प्रवाह मोजणाऱ्या यंत्रांचं जाळं दिसतं. खरं काम होतं ती कोठडी मात्र लहान असते. स्टीलच्या बाटलीत, जिला बबलर म्हणतात, ट्रायमिथाइल गॅलियम हा द्रव ठेवतात. हवा लागताच तो पेट घेतो. त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे सोडले की हायड्रोजन त्याची वाफ बरोबर घेऊन निघतो. दुसऱ्या नळीतून अमोनिया येतो. कोठडीत ग्रॅफाइटच्या तव्यावर सफायरच्या चकत्या हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या असतात. तिथे दोन्ही वायू फुटतात, गॅलियम आणि नायट्रोजन चकतीवर बसतात आणि तासाला काही मायक्रॉन या गतीने स्फटिक वाढत जातो. एवढ्या उष्णतेत वायू चकतीवर टेकायच्या आधीच वर उसळतात, हीच या भट्टीची जुनी खोड.

जपानच्या नागोया विद्यापीठात इसामु आकासाकी यांच्याकडे हिरोशी आमानो 1982 साली विद्यार्थी म्हणून आले. पैसे बेताचे असल्यामुळे त्यांनी भट्टी स्वतःच जुळवली, नळ्या बदलल्या, वायूंचा वेग कित्येक पटींनी वाढवला. तरी चकतीवर खडबडीत, दुधी थरच येत होता. 1985 साली एकदा भट्टीच्या तापयंत्राने दगा दिला आणि तापमान नेहमीइतकं चढेना. आमानो यांनी त्या कमी तापमानातच ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर आधी चढवून पाहिला आणि मग त्यावर गॅलियम नायट्राइड वाढवलं. बाहेर आलेली चकती इतकी स्वच्छ होती, की थर चढलाच नाही असं प्रथम वाटावं. हा बफर थर नंतर साऱ्या उद्योगाचा पाया झाला. पी थराचं कोडंही याच प्रयोगशाळेत सुटलं. मॅग्नेशियम मिसळलेल्या स्फटिकावर इलेक्ट्रॉनचा झोत फिरवला की तो पी होतो, हे त्यांनी 1989 साली दाखवलं.

शिकोकू बेटावरच्या आनान गावात निचिया नावाची कंपनी होती. टीव्हीच्या पिक्चर ट्यूब आणि ट्यूबलाइटसाठी ती फॉस्फर बनवायची. शुजी नाकामुरा तिथे 1979 साली लागले. पहिली दहा वर्षं त्यांनी क्वार्ट्झच्या नळ्या जोडण्यात घालवली. त्यांच्याकडून स्फोटही झाले. संस्थापक नोबुओ ओगावा यांनी निळ्या एलईडीसाठी पैसे दिले, तेव्हा नाकामुरा एमओसीव्हीडी शिकायला वर्षभर फ्लोरिडा विद्यापीठात गेले. परतल्यावर विकत घेतलेल्या भट्टीने काम होईना. मग सकाळी भट्टी खोलायची, नळीचा कोन, उंची, तापवण्याची पद्धत बदलायची, दुपारी स्फटिक वाढवायचा, संध्याकाळी मोजायचा, असा क्रम दीडेक वर्ष चालला. अखेर त्यांनी वायूचा दुसरा प्रवाह वरून सोडला. मूळ वायू चकतीला समांतर वाहतात आणि नायट्रोजन व हायड्रोजनचा झोत वरून त्यांना खाली दाबून धरतो. उसळणारा वायू बसू लागला आणि एकसारखा स्फटिक मिळू लागला. 1991 साली प्रसिद्ध झालेली ही ‘टू-फ्लो’ रचना माझ्या मते या गोष्टीतला सर्वांत मोठा क्षण आहे आणि ती पूर्णपणे नळकामातून आली आहे. ज्याने दहा वर्षं नळ्या जोडल्या, त्यालाच ती सुचू शकली.

पुढचा टप्पा भराभर झाला. अमोनियातला हायड्रोजन मॅग्नेशियमला चिकटून त्याला निकामी करतो आणि नायट्रोजनमध्ये सातशे अंशांवर तापवलं की तो निघून जातो, हे नाकामुरा यांनी 1992 साली दाखवलं. इलेक्ट्रॉनचा झोत एकेका चकतीवर फिरवत बसण्यापेक्षा हा उपाय कारखान्याला कितीतरी सोयीचा. नोव्हेंबर 1993 मध्ये निचियाने एक कँडेला तेजाची निळी एलईडी जाहीर केली, 1996 मध्ये पांढरी. निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर ही जोडी फॉस्फर बनवणाऱ्या कंपनीनेच बाजारात आणावी, यात नवल नाही. 2014 साली आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आजच्या कारखान्यात एका फेरीत डझनावारी चकत्या चढतात आणि फेरीला कित्येक तास लागतात. आधी सुमारे साडेपाचशे अंशांवर वीस-तीस नॅनोमीटरचा बफर, मग तापमान वाढवून जाड एन थर. त्यानंतर तापमान साडेसातशेच्या आसपास उतरवून इंडियम मिसळलेले पातळ थर, प्रत्येकी तीनेक नॅनोमीटरचे. उजेड याच थरांतून येतो. शेवटी पी थर. इथे तापमानात एका अंशाचा फरक पडला तरी प्रकाशाची तरंगलांबी साधारण एका नॅनोमीटरने सरकते. म्हणून एकाच चकतीच्या मधल्या आणि कडेच्या चिप वेगळ्या निळ्या निघू शकतात. चकती मग खरवडून एन थर उघडा करतात, पारदर्शक विद्युत संपर्क चढवतात, सफायर मागून घासून शंभर-दीडशे मायक्रॉनपर्यंत पातळ करतात, लेसरने रेघा मारून तिचे तुकडे पाडतात. प्रत्येक चिप सुईने पेटवून मोजली जाते आणि रंग, तेज व व्होल्टेजनुसार वेगवेगळ्या बिनमध्ये जाते. स्वस्त पट्टीतले दिवे शेजारी-शेजारी लावल्यावर एक निळसर, एक पिवळट दिसतो, तो या निवडीतल्या ढिलाईचा परिणाम.

प्रकाश तयार झाला तरी तो सहज बाहेर येत नाही. गॅलियम नायट्राइडचा अपवर्तनांक अडीचच्या घरात असल्याने बहुतेक किरण पृष्ठभागावरून आतच परततात. म्हणून सफायरच्या पृष्ठभागावर मायक्रॉनभर उंचीचे शंकू कोरतात. त्यांच्यावर आपटून किरणांची दिशा बदलते आणि त्यांना वाट मिळते.

आपल्याकडे 5 जानेवारी 2015 रोजी उजाला योजना सुरू झाली आणि पुढे तिच्यातून 36 कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. बल्बची जुळणी, ड्रायव्हर आणि प्लेट हे काम देशात रुजलं. चिप मात्र बहुतांशी आयात होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या जातीच्या भट्टीवर नायट्राइडचे थर वाढवण्याचं संशोधन झालं आहे, म्हणजे विद्या आपल्याकडे अजिबात नाही असं नाही. पण प्रयोगशाळेतली चकती आणि रोज हजारो चकत्या एकसारख्या काढणारा कारखाना यांच्यामध्ये नाकामुरांच्या त्या सकाळींसारख्या अनेक वर्षांचं काम असतं. ते आयात करता येत नाही आणि म्हणूनच मला ते इथे व्हायला हवं आहे.

भट्टीचं कामही संपलेलं नाही. हिरव्या रंगासाठी इंडियम वाढवावं लागतं, इंडियम टिकायला तापमान उतरवावं लागतं, आणि तापमान उतरलं की अमोनिया नीट फुटत नाही, स्फटिक बिघडतो. त्यामुळे हिरवी एलईडी अजूनही निळीच्या मागे आहे. या व्यवसायात या दरीला ‘ग्रीन गॅप’ म्हणतात. आणि ती बुजवायला धडपडणारे अभियंते आजही तेच करतात: वायूची दिशा, तव्याचं तापमान, थरांचा क्रम यांत थोडा बदल, आणि पुन्हा एक फेरी.